गळती

पेट्रोलचा वास पहिल्यांदा आईला आला. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं आहे. रस्त्यावरून आत शिरलं की अरुंद बोळ, बोळातच जिना, जिन्याखाली नानांची मोटारसायकल आणि बोळाच्या टोकाला उघडा चौक. चौकात तुळस. रोज तिन्हीसांजेला आई तुळशीपुढे दिवा लावते. त्या दिवशी तिने काडी ओढलीच नाही. वर तोंड करून मला हाक मारली, "अगं, खाली ये. गाडी वास मारतेय."

आदल्याच दिवशी मी ती गाडी चार वर्षांनी चालू केली होती आणि हौसेने टाकी काठोकाठ भरून आणली होती. खाली गेले तर कोट्याच्या फरशीवर, इंजिनाच्या बाजूला, तळहाताएवढा ओला डाग. पेट्रोलच्या कॉकच्या नटाला एक थेंब लोंबत होता. बघता बघता तो पडला आणि त्या जागी दुसरा धरू लागला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उतार असेल तिकडे सरकते. आमच्या बोळाचा उतार चौकाकडे, म्हणजे तुळशीकडे आहे. त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. मी कॉक बंद केला, गाडी ढकलत रस्त्यावर नेऊन उभी केली, खाली पातेलं ठेवलं आणि बराच वेळ खिडकीत बसून राहिले. येणारा-जाणारा कुणी तिच्याजवळ विडी पेटवेल ही धास्ती.

गाडी येझदी आहे, नानांनी १९८४ साली घेतलेली. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिच्यात गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तोच आत दाबून फिरवला की किक होते. नाना मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते आणि घरातलं कुठलंही यंत्र दुसऱ्याच्या हातात द्यायला त्यांना कमीपणा वाटायचा. मी कॉलेजात असताना त्यांनी मला ही गाडी शिकवली. पुढे तौलनिक साहित्य शिकायला मी जादवपूरला गेले, बांगला शिकले, अनुवाद करू लागले. सुट्टीत घरी आले की आधी गाडी बाहेर काढायची आणि मग चहा, असा आमच्या दोघांचा रिवाज होता.

नाना २०२१ मध्ये गेले. गाडी त्याच्या दोन वर्षं आधीपासून उभी होती. का उभी होती, ते पुढे येईल.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मुलाने आधी कॉकचे वॉशर बदलले. दोन दिवस बरं वाटलं, कारण त्या दोन दिवसांत मी थोडं पेट्रोल जाळलं होतं. पुन्हा टाकी भरली आणि पुन्हा थेंब. त्याने कॉकच नवा बसवला. मग रबरी नळी बदलली. मग कार्बोरेटर उघडून फ्लोटची सुई बघितली. थेंब प्रत्येक वेळी त्याच नटावर येऊन लटकायचा, त्यामुळे दोष त्या नटाच्या आसपासच असणार याबद्दल त्याला शंका नव्हती आणि मलाही नव्हती. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "टाकीच बदला." पुण्याहून दादाचा फोन आला. "विकून टाक ना. जुन्या गाड्यांचे शौकीन लोक असतात, किंमत चांगली येईल. आईला त्या वासात ठेवू नकोस." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आईने दिवा वरच्या मजल्यावर देवघरात हलवला होता आणि त्याबद्दल ती काही बोलत नव्हती, हे जास्त लागत होतं.

पाणीगेटच्या पलीकडे एक म्हातारे उस्ताद जुन्या गाड्यांचं काम करतात, असं कळलं. मी त्यांना चाचा म्हणू लागले, ते मला बेन. गाडी त्यांच्या दारात उभी केली आणि मी कॉक, वॉशर, नळी, सुई अशी सगळी कथा सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "क्यारे टपके छे?"

कुठून टपकतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कधी टपकतं, हे कुणीच नाही. मी आठवून सांगितलं, टाकी भरली की टपकतं. अर्ध्याच्या खाली आली की थांबतं.

चाचा हसले. कॉक टाकीच्या तळाला असतो. कॉक गळत असता तर शेवटच्या थेंबापर्यंत गळला असता. अर्ध्यावर थांबतं, म्हणजे भोक अर्ध्याच्या उंचीवर आहे. एवढा हिशोब मला तीन आठवड्यांत सुचला नव्हता. अनुवादात माझा हा रोजचा अनुभव आहे, वाक्य जिथे अडखळतं तिथे चूक बहुधा नसते, ती दोन परिच्छेद मागे एखाद्या शब्दाच्या निवडीत असते. पण टेबलावर जे कळतं ते जिन्याखाली कळत नाही.

मग त्यांनी टाकीचा खालचा भाग फडक्याने कोरडा केला, माझ्या कॅनमधलं पेट्रोल ओतून टाकी भरली, कॉक बंद ठेवला आणि टाकीच्या काठाने सगळीकडे साधी टाल्कम पावडर फुंकली. "आता चहा," म्हणाले. चहा संपेपर्यंत पावडरीत एक ओली रेघ उमटली होती. येझदीची टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसते. तिच्या पोटाखाली एक पन्हळ असते, आणि वरचा पत्रा व खालचा पत्रा जिथे जोडलेला असतो तिथे काठाला एक दुमड असते. पेट्रोल पुढच्या बाजूने, हँडलच्या जवळून, पन्हळीच्या तोंडाशी झिरपत होतं. तिथून दुमडीवरून हातभर मागे सरकत, उताराने खाली येत, ते कॉकच्या नटाशी थांबत होतं, कारण सगळ्यात खालची जागा तीच. थेंबाला पडायला जागा हवी होती, ती त्याला नटावर मिळाली होती.

चाचांनी एक फुटका आरसा टाकीखाली धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला तीस-चाळीस मिली. पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं, त्यावर धूळ बसते. त्या दुमडीवर नव्या ओल्या रेघेच्या खाली एक जुनी काळी रेघ होती, वाळून कडक झालेली. म्हणजे ही गळती तीन आठवड्यांची नव्हती. मग त्यांनी बारीक पेचकस घेऊन दुमडीच्या आत खरवडलं. टोकावर मेणासारखा गुलाबी तुकडा आला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"आ तो साबु छे, बेन. कोणे लगाव्यो?"

मला उत्तर देता आलं नाही.

साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. टाकीला बारीक भोक पडलं तर ओल्या साबणाची वडी त्यावर घासायची, भोकात साबण दाबून बसवायचा, गळती थांबते. महामार्गावरच्या ट्रकवाल्यांची आणि जुन्या फिटर लोकांची ही पद्धत आहे, चाचांनी सांगितलं. पाण्याने मात्र तो धुऊन जातो, म्हणून अधूनमधून पुन्हा लावावा लागतो. "जेणे लगाव्यो ए जाणकार हतो," ते म्हणाले.

आणि मी काय केलं होतं? चार वर्षांनी गाडी चालू करण्याआधी नळीने, बादलीने, ब्रशने घासून ती स्वच्छ धुतली होती. वर्षानुवर्षांची काजळी निघाली म्हणून मला कोण आनंद झाला होता.

इथे मागचं सांगायला हवं. २०१८ पासून नानांना विसरायला होऊ लागलं. आधी नावं, मग दिवस, मग दूधवाल्याला पैसे दिले की नाही. २०१९ च्या सुरुवातीला आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. जाण्याआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरच्यांना जे जे वेगळं वाटतं ते लिहून आणा. घरात लिहिणारी मी, म्हणून यादी मी केली. अकरा नोंदी होत्या. गॅस चालू ठेवतात. तोच प्रश्न पुन्हा विचारतात. गल्लीत रस्ता चुकले. चौथी नोंद अशी: न्हाणीघरातले साबण नेतात, ओल्या वड्या खिशात ठेवतात, विचारलं तर सांगत नाहीत. आणि पाचवी: दिवसातून तीन-चारदा खाली जाऊन मोटारसायकलच्या टाकीखाली हात घालतात, फडक्याने पुसत बसतात.

दोन नोंदी एकाखाली एक होत्या. मधे एक ओळसुद्धा नव्हती. त्या मी एकत्र वाचल्या नाहीत.

त्यांना विचारलं नव्हतं असं नाही. आई रागावून विचारायची, "साबण कुठे नेलात?" आणि नाना चमकल्यासारखे करून गप्प राहायचे. आता वाटतं, शब्द सापडत नसावा. "टाकी" हा शब्द त्या दिवशी हाताशी नसेल, आणि हाताने करून दाखवायचं तर आम्ही कुणी खाली त्यांच्याबरोबर जात नव्हतो. किंवा ते सांगतही असतील आणि आम्ही पुढचं ऐकायच्या आत दुसरं काही विचारत असू. मला हे ठरवता येत नाही. त्यांचा आजार खरा होता. उरलेल्या नोंदी खऱ्या होत्या. गल्लीत ते खरोखरच रस्ता चुकले होते आणि त्या दिवशी गाडीवरच होते. त्यामुळे किल्ली काढून घेणं चूक नव्हतं. ती मीच काढून घेतली आणि माझ्या शब्दकोशांच्या कपाटात ठेवली. महिनाभर ते किल्ली शोधत होते. नंतर खाली जाणंही थांबलं.

गाडी त्या दिवशी अर्धी भरलेली होती. तशीच राहिली.

चाचांनी टाकी उतरवून पेट्रोल फडक्यातून गाळलं, तेव्हा फडक्यावर चहाच्या चोथ्यासारखा गंज आला. त्यांनी समजावून सांगितलं. टाकीत पेट्रोल असतं तेवढा पत्रा झाकलेला राहतो. वरचा अर्धा भाग उघडा. झाकणाच्या भोकातून हवा येते-जाते, पावसाळ्यात ती ओली असते, रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं. हळूहळू पेट्रोल उडत जातं आणि उघडा पत्रा वाढत जातो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी एक तर गच्च भरून ठेवा, नाही तर पार रिकामी करून, आतून ऑइल फिरवून. अर्धी ठेवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे हे आणखी सांभाळायला हवं.

टाकीत मूठभर नट आणि जुन्या चेनचे तुकडे टाकून त्यांनी ती पाखडल्यासारखी हलवली. गरम पाणी आणि कपड्यांची पावडर घालून चार वेळा धुतली. मग कॉकचं भोक बंद करून दोन रात्री व्हिनेगर भरून ठेवलं, म्हणजे गंज सुटतो, आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, म्हणजे आंबटपणा उरत नाही. टाकी वाळल्यावर, वास पुरता गेल्यावर, दुकानातला दिवा मालवून त्यांनी झाकणातून एक छोटा टॉर्च दोरीने आत सोडला. पन्हळीच्या तोंडाशी, जोडाच्या कडेने, उजेडाचे तीन ठिपके दिसले. एका ठिपक्याभोवती अजून गुलाबी कड होती. चाचांनी त्यावर बोट ठेवलं. "आ जूनुं." मग उरलेल्या दोन्हींवर. "आ बे नवां."

म्हणजे साबण मी धुतला नसता तरी टाकी गळलीच असती. ही माझी सुटका म्हणावी, तर ती दोन नवी भोकं किल्ली कपाटात ठेवलेल्या वर्षांत पडली होती.

टाकीला आंच द्यायची तेव्हा चाचांनी मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती ठिणगीने उडते. कमी असली तरी नाही, जास्त असली तरी नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत नेमकं तेवढंच उरलेलं असू शकतं. म्हणून एवढी धुऊनही त्यांनी टाकी उलटी करून, भोकाची जागा वर ठेवून, तिच्या खाली दोन बोटं राहतील इतकं पाणी आत भरलं आणि वाफ जायला वाट मोकळी ठेवली. पत्रा घासून पांढरा केला. टाकणखार लावला. गॅसच्या निळ्या ज्योतीत पत्रा लाल झाला, तेव्हा पितळेची सळई टेकवली. पितळ वितळून पाण्यासारखं जोडात ओढलं गेलं. पाच-सात मिनिटांचं काम, आणि त्याच्या आधी चार दिवस.

वाट बघताना मी त्यांना या कामाचे शब्द विचारत होते. हलक्या जोडाला गुजरातीत रेण म्हणतात. मराठीत डाख. हिंदीतला टाँका कापडालाही चालतो, जखमेलाही आणि धातूलाही.  बांगलात झालाइ. त्याच धातुकामातून बांगलात एक रोजचा वाक्प्रचार आलेला आहे, झालिये नेओया: जुनी ओळख, जुना धडा, जुनी आठवण पुन्हा पक्की करून घेणं. माझ्या एका अनुवादात तो आला होता, तेव्हा मी "आठवणींना उजाळा" असं लिहून पुढे गेले. मराठीत तेच शोभतं. कुणी चूक काढली नाही, मीही आज काढणार नाही. पण उजाळा म्हणजे वरून घासणं. चाचांचं काम बघताना कळलं की बांगलातली आठवण आधी फुटलेली असते.

जोड गार झाल्यावर तपासणी. कॉकचं भोक बंद केलं, झाकणाच्या जागी रबर दाबून धरलं आणि सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा आत सोडली. मग चाचांनी साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने जोडावर लावलं. हवा निसटत असेल तर तिथे फुगा धरतो. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. फुगा आला नाही. त्यांनी आणखी एकदा लावलं. नाही.

साबणाच्या पाण्याचा वाडगा माझ्या हातात होता. तो खाली ठेवायला मला जरा वेळ लागला. चाचांनी काही विचारलं नाही, दुसरीकडे बघत हात पुसत राहिले. मग म्हणाले, रंग द्यायचा का? पन्हळीच्या आतली जागा, बाहेरून कुणाला दिसणार नाही, पण पत्रा उघडा ठेवू नये. पत्र्याला दिला. पितळेची रेघ तेवढी तशीच ठेवा म्हटलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी त्यांच्यावर ओरडायची. एका महिन्यात सहा वड्या गेल्या म्हणून." आणि मग, "सांगायचं ना." हे नानांना होतं की मला, ते तिलाही ठाऊक नसावं.

डॉक्टरांची फाईल अजून माझ्या कपाटात आहे, किल्ली ठेवली होती त्याच खणात. यादीची प्रत तीत आहे. छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतात, निदान शुद्धिपत्र जोडतात. या यादीचं काही करता येत नाही. ती जिथे पोचायची तिथे पोचली, आणि जिच्या आधारे जे ठरायचं ते ठरलं. चौथी नोंद मी खोडली नाही. साबण ते नेत होतेच. तिच्यासमोर पेन्सिलीने एवढंच लिहिलं: टाकी गळत होती.

गाडी विकली नाही. आठवड्यातून दोनदा तरी बाहेर काढते, टाकी भरलेली ठेवते. निघण्याआधी डाव्या हाताचं बोट टाकीखाली, पन्हळीच्या तोंडाशी घालून बघते. तिथे नजर पोचत नाही, बोट पोचतं. परवा आई जिन्यावरून बघत होती.

"ओलं आहे?" तिने विचारलं.

"नाही. कोरडं आहे."

"मग तुळशीशी दिवा लावते," म्हणाली, आणि काड्यापेटी आणायला वर गेली.